उशीत शिवलेलं हस्तलिखित

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र चार दिवस उशाशी आहे. ‘इतकी वर्षं सेवा केली, हाती काय लागलं?’ हे तुझं वाक्य काही केल्या मनातून जात नाही. उत्तर माझ्यापाशी नाही. पण अदोनिराम जडसन यांची हकिकत तुला सांगितल्यावाचून राहवत नाही.

१८१२ मध्ये अमेरिकेहून तरुण मिशनऱ्यांची पहिली तुकडी निघाली. त्यातले हॉल आणि नॉट आपल्या मुंबईत आले, तर जडसन आणि त्यांची पत्नी अ‍ॅन १८१३ मध्ये ब्रह्मदेशातल्या रंगूनला पोचले. पहिल्या ब्रह्मी माणसाचा, मौंग नाऊचा, बाप्तिस्मा झाला तो १८१९ मध्ये. सहा वर्षं, मित्रा! मधल्या काळात तान्हा मुलगाही तिथल्याच मातीत ठेवावा लागला.

१८२४ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि ब्रह्मी दरबाराला प्रत्येक गोरा माणूस हेर वाटू लागला. जूनमध्ये, ऐन जेवणाच्या वेळी, राजधानी आवा इथल्या घरातून जडसनना दोरीनं जखडून नेलं. पायांत बेड्यांचे तीन जोड. रात्री सगळ्या कैद्यांचे पाय एका बांबूत अडकवून तो बांबू वर ओढायचे. जमिनीला टेकायचे ते फक्त खांदे आणि डोकं.

अ‍ॅन तेव्हा गरोदर होती. रोज पायपीट करून ती तुरुंगाशी जायची, अधिकाऱ्यांच्या दारात तासन्‌तास बसायची. बायबलमधल्या नव्या कराराच्या ब्रह्मी भाषांतराचं हस्तलिखित तिनं आधी जमिनीत पुरलं. पावसाळ्यात ते कुजेल म्हणून मग उशीत शिवून नवऱ्याला दिलं. उशी मुद्दाम इतकी टणक आणि कळकट केली, की कुणा पहारेकऱ्याला तिचा मोह पडू नये! हे वाचताना मी थांबलोच. दहा वर्षांची मेहनत, आणि त्यावर डोकं टेकून तो माणूस झोपत होता.

पुढे कैद्यांना दुसऱ्या गावी हलवलं, तेव्हा ती उशी लुटली गेली. वरचं आवरण काढून घेऊन आतली गुंडाळी फेकून दिली. मौंग इंग नावाच्या शिष्यानं ती गुरूची आठवण म्हणून घरी नेली. कित्येक महिन्यांनी उघडली, तर आत पानं जशीच्या तशी!

नव्या तुरुंगाच्या गावी अ‍ॅन तापानं अंथरुणाला खिळली, तिचं दूध आटलं. पहारेकऱ्यांना पैसे चारून जडसन बेड्यांसकट बाहेर पडायचे आणि तान्ह्या लेकीला, मारियाला, कडेवर घेऊन गावातल्या लेकुरवाळ्या बायांकडे दूध मागत फिरायचे. त्या बाया पाजायच्याही. मला तर या हकिकतीत देव इथेच सगळ्यात जवळ दिसतो.

सुटका झाली, पण ऑक्टोबर १८२६ मध्ये अ‍ॅन गेली. जडसन त्या वेळी जवळ नव्हते. सहा महिन्यांत मारियाही गेली. नंतर ते रानात झोपडी करून राहिले, स्वतःच कबर खणून तिच्या काठाशी बसायचे. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. ते तिथून उठले, आणि १८३४ मध्ये संपूर्ण पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, ब्रह्मी भाषांतर पुरं झालं. तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांत ते आजही वाचलं जातं.

रविवारी उपासनेनंतर तुझ्याकडे येतोय. दोघं मिळून प्रार्थना करू. काही बोलावंसं वाटलं नाही तरी चालेल.

तुझाच,
मित्र