ब्रिटनमधील गृहकर्ज आणि पोटमाळ्यातील फोम

महोदय,

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत घरखरेदीची चर्चा निघाली की व्याजदर, सुरुवातीला भरावी लागणारी रक्कम आणि व्हिसाची मुदत यांवरच ती बहुधा संपते. परंतु मूल्यांकनासाठी आलेल्या सर्व्हेअरला पोटमाळ्यात छपराला आतून फवारलेला उष्णतारोधक फोम आढळला, तर गृहकर्जाचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, याची कल्पना अनेकांना नसते, म्हणून हे पत्र.

उतरत्या छपराच्या घरातील उष्णता वरून निसटू नये यासाठी सर्वसाधारणपणे दोन मार्ग वापरले जातात. पहिल्यात पोटमाळ्याच्या तळावर, तुळयांच्या मधे आणि वर, खनिज लोकरीचा सुमारे २७० मिलिमीटर जाडीचा थर अंथरतात. वळचणीच्या बाजूने वारा खेळता ठेवला, तर या पद्धतीवर सहसा कोणी आक्षेप घेत नाही. दुसऱ्या पद्धतीत वाशांच्या मधे, छपराच्या आतल्या अंगाला, पॉलियुरेथेनचा फोम फवारला जातो आणि तो फुगून तेथेच घट्ट बसतो. बंद पेशींचा, म्हणजे आतले बारीक बुडबुडे बंद असलेला, कडक फोम बाष्प जवळजवळ अडवूनच धरतो. उघड्या पेशींचा मऊ फोम ते जाऊ देतो. कर्ज देणाऱ्या अनेक संस्था मात्र नियम करताना हा फरक विचारात घेत नाहीत.

या संस्थांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या कर्जाला घर तारण असते आणि छपराची भिस्त वाशांवर असते. ते वासेच फोमखाली झाकले गेले, तर लाकूड कोरडे आहे की ओल धरून कुजू लागले आहे, हे सर्व्हेअर सांगू शकत नाही. आणि जे पाहताच आले नाही त्याची हमी तो देणार तरी कशी? मग अहवालात घराची किंमत शून्य धरली जाते किंवा स्वतंत्र तपासणी मागितली जाते. ब्रिटनमधील मोठ्या गृहकर्ज संस्थांपैकी सुमारे एक चतुर्थांश संस्था छपरात फोम असलेल्या घराला कर्जच देत नाहीत, असे बीबीसीने २०२४ मध्ये दाखवून दिले. घर विकल्याशिवाय त्याच्या किमतीतून पैसे उभे करू पाहणाऱ्या वृद्धांची अडचण याहून मोठी आहे, कारण तशा योजना देणाऱ्या संस्था अधिकच ताठर असतात.

ही गोष्ट उशिरा उघडकीस येते, हे तिचे सर्वांत वाईट अंग आहे. ब्रिटनमध्ये गृहकर्जाचा व्याजदर बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरताच स्थिर असतो. मुदत संपल्यावर त्याच संस्थेकडे नवा दर घेतला, तर सहसा नव्याने मूल्यांकन होत नाही आणि फोमचा प्रश्न झाकलेला राहतो. स्वस्त दरासाठी संस्था बदलायची किंवा घर विकायचे ठरवले की तो पुढे येतो. स्कॉटलंडमध्ये विक्रेत्यालाच आधी घराचा अहवाल तयार करून घ्यावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र खरेदीदाराने पदरचे पैसे मोजून सर्व्हे केल्यावरच हे कळते.

याहून खटकते ती सरकारची भूमिका. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात चाललेल्या ‘ग्रीन होम्स ग्रँट’ योजनेतून अशा फोमसाठीही अनुदान मिळत होते. सरकारी व्हाउचर दाखवणाऱ्या ठेकेदारावर घरमालकाने विश्वास ठेवला, यात त्याचे काय चुकले? सर्व्हेअरांच्या ‘आरआयसीएस’ या संस्थेने ग्राहकांसाठी मार्गदर्शिका काढली ती २०२३ मध्ये, म्हणजे योजना गुंडाळून दोन वर्षे झाल्यावर.

घर घेऊ पाहणाऱ्यांनी पहिल्या भेटीतच पोटमाळ्याचे झाकण उघडून पाहावे आणि फोम दिसल्यास तो कोणत्या प्रकारचा आहे, काम करण्यापूर्वी छपराची तपासणी झाली होती का आणि त्याची कागदपत्रे कोठे आहेत, हे विचारावे. स्वतःच्या घरात फोम मारून घेण्याचा विचार असेल, तर आधी कर्ज देणाऱ्या संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावे. दारावर आलेल्या विक्रेत्याशी करार झालाच, तर तो सर्वसाधारणपणे चौदा दिवसांत रद्द करता येतो. ज्यांच्या घरी फोम आहे त्यांना आता तो काढून देऊ म्हणणाऱ्यांचेही फोन येतात. या कामाला हजारो पौंड लागतात आणि वाशांना इजा होण्याची भीती असतेच, त्यामुळे स्वतंत्र सर्व्हेअरचा अहवाल हाती येईपर्यंत त्यांना होकार देऊ नये.

कागदपत्रे पूर्ण असलेल्या आणि तपासणीत लाकूड सुस्थितीत आढळलेल्या घरांनाही सरसकट नकार देणे मला अन्यायाचे वाटते. जेथे सरकारी अनुदानातून फोम बसवला गेला, तेथे निदान या तपासणीचा खर्च तरी सरकारने उचलावा.

आपला,
ब्रिटनमधील एक वाचक