वाइंडिंगवाल्या नानांना, हतनूरच्या पाच दरवाजांबद्दल

तीर्थस्वरूप नाना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहायचा नाही ही तुमची अट होती, ती पाळतोय. ‘उगाच पोरं खेळणी घेऊन येतील अन् हंगामात माझे पंप पडून राहतील,’ हे तुमचं म्हणणं रास्तच आहे. एवढंच लिहितो की यावल-रावेर पट्ट्यात, केळीच्या ट्रकांच्या रस्त्याला तुमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, आणि यंदा आमच्या घरच्या गणपतीच्या आराशीत लेगोच्या प्लास्टिक ठोकळ्यांचे हतनूर धरण उघडणार-मिटणार आहे ते तुमच्यामुळे.

पत्र चारचौघांत लिहितोय त्यालाही कारण आहे. आपल्याकडे लेगोची चालती मॉडेलं करायचा नाद असलेले लोक मोजके. कुणाची मोटर अडली की तो पुण्या-मुंबईच्या कुणाला तरी व्हिडिओ पाठवतो आणि उत्तराची वाट बघत बसतो. गल्लीच्या तोंडाशी सबमर्सिबल पंपाचं वाइंडिंग भरून देणारा माणूस बसलेला असतो, त्याला विचारावं असं मनात येत नाही. मी तरी कुठे विचारलं होतं? शेतातली मोटर भरायला टाकली होती, ती न्यायला आलो, आणि पिशवीतला ठोकळ्यांचा सांगाडा तुम्हीच बाहेर काढलात.

तुमचा पहिला प्रश्न होता, ‘उचलायचं किती?’

हतनूरला ४१ दरवाजे. वर बऱ्हाणपूरकडे आणि विदर्भात पाऊस झाला की तापी-पूर्णा फुगतात आणि दरवाजे उघडल्याची बातमी येते. माझ्याकडे जागा आणि पैसा पाचच दरवाजांपुरता. पाचही एका लांब दांडीवर, दांडी एका मोटरवर. मोटर लेगोच्या पॉवर फंक्शन्स मालिकेतली, मधल्या आकाराची. ही मालिका २००७ सालची, आता कंपनी ती विकत नाही, जुनी शोधून घ्यावी लागते. बटण दाबलं की मोटर नुसती गुणगुणायची. हाताने जरा आधार दिला तर दरवाजे वर जायचे, आणि बटण बंद केलं की धाडकन खाली.

तुम्ही मीटर लावलात. ही मोटर ९ व्होल्टवर रिकामी फिरताना साधारण ६५ मिलिअँपिअर घेते आणि पूर्ण अडवून धरली की ८५० च्या आसपास, हे आकडे मी वाचलेले होते. त्यांचा अर्थ तुमच्या बाकावर कळला. माझी मोटर सुरू होण्याच्या क्षणालाच अडलेली होती. मग तुम्ही सेलचा डबा उघडायला लावलात. त्यात सहा सेल. साधे अल्कलाइन टाकले तर दीड-दीडचे मिळून ९ व्होल्ट, माझे चार्जिंगचे १.२ चे, म्हणजे ७.२. ‘तुझी लाइनच डाऊन आहे,’ म्हणून हसलात. पण पुढे जे सांगितलंत ते मी तरी कुठे वाचलं नव्हतं. शेतातली मोटर व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी ओढायला जास्त अँपिअर खाते आणि त्यातच जळते. ही डीसी मोटर त्या मानाने गरीब. व्होल्टेज कमी झालं की तिचा वेग आणि जोर दोन्ही उतरतात, पण अडलेली असतानाही ती करंट कमीच ओढते.

सेल एकेक करून मोजलेत तेही मोटर चालू ठेवून. रिकामे असताना सहाही ठीक दिसत होते, लोडवर त्यातला एक बसला. सहा सेल एका ओळीत जोडलेले असले की त्यातला सगळ्यात अशक्त असेल तो बाकीच्यांना अडवतो, आणि बाकीचे मिळून त्याला उलटा चार्ज करून कायमचा मारतात. तेव्हापासून सहाचा संच एकाच वयाचा, एकाच डब्यात, डब्यावर तारीख. नवा-जुना मिसळणं बंद.

आता तुम्ही सांगितलेल्या डीपीच्या, म्हणजे शिवाराला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या गोष्टीकडे येतो, कारण खरं काम तिनेच केलं. तुम्ही म्हणालात, रात्री लाइट आली की शिवारात काय होतं? सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो लावलेला. एकाच क्षणी वीस-पंचवीस मोटरी उठतात. सुरू होताना मोटर चालू असतानाच्या कितीतरी पट करंट मागते, आणि डीपीवरचे फ्यूज उडतात. त्याच मोटरी मागे-पुढे सुरू झाल्या असत्या तर तोच डीपी रात्रभर चालला असता. ‘मग तू पाच दरवाजे एकदम कशाला उठवतो, भो?’

घरी येऊन मी ती लांब दांडी तोडली. प्रत्येक दरवाजाला वेगळा तुकडा दिला आणि दोन तुकड्यांच्या मध्ये एक सैल कडी ठेवली. अर्धा फेरा ती नुसतीच फिरते, मग पुढच्या तुकड्यावरच्या खिळीला धरते. पहिला दरवाजा सुटला की दुसऱ्याची पाळी येते, मग तिसऱ्याची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मुद्दाम शोभेसाठी केलंय, कारण दरवाजे लाटेसारखे उठतात. मोटरला मात्र चिकटून बसलेला दरवाजा एका वेळी एकच सोडवावा लागतो.

खाली पडण्याचा इलाज वर्म गियर, म्हणजे आटे असलेला स्क्रूसारखा दांडा आणि त्याने फिरणारं दातेरी चाक. मोटरकडून ८ दातांचं चाक २४ दातांच्या चाकाला फिरवतं, असं दोनदा, आणि शेवटी प्रत्येक दरवाजापाशी वर्मवर २४ दातांचं चाक. तीन गुणिले तीन गुणिले चोवीस, म्हणजे मोटरचे २१६ फेरे होतात तेव्हा दरवाजाच्या आसाचा एक. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही, त्यामुळे बटण बंद करा, सेल काढून घ्या, दरवाजा आहे तिथेच थांबतो. यात बराच जोर घर्षणात जातो हे खरं. जाऊ दे. आराशीत घाई कुणाला आहे?

एक आगाऊ गोष्ट सांगतो. तुम्ही तारेचं गेज बघायच्या मायक्रोमीटरने ठोकळा मोजलात, १५.८ मिलिमीटर आला आणि तुम्ही विचारलंत, ‘वरची बटणं आठ-आठवर आहेत तर दोघांचे सोळा पाहिजेत, दोन पॉइंट गेले कुठे?’ शेजारी-शेजारी ठोकळे घट्ट अडकू नयेत म्हणून ती फट मुद्दाम ठेवलेली असते. मी ठोकळ्यांचे नकाशे करायच्या ज्या स्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये नकाशा केला त्यात ही फट दिसतच नाही, तिथे ठोकळा पुरता सोळाचा. स्टुडिओ फुकट मिळतं, विंडोज आणि मॅकवर चालतं. लेगोचं स्वतःचं असंच सॉफ्टवेअर, डिजिटल डिझायनर, २००४ पासून होतं, ते २०२२ मध्ये बंद करून कंपनीने सगळ्यांना स्टुडिओकडे वळवलं. पण स्टुडिओतल्या सुट्या भागांचा पाया म्हणजे एलड्रॉ, ठोकळ्यांचे भाग संगणकावर मांडायची पद्धत, आणि तो घातला जेम्स जेसिमन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ मध्ये. दोन वर्षांत तो वारला. भागांचा संग्रह आजही लोक आपापल्या वेळात वाढवत असतात. एलड्रॉचं मोजायचं एकक ०.४ मिलिमीटरचं. ठोकळ्याची उंची ९.६, पातळ पट्टीची ३.२, आणि पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर १६, म्हणजे दोन बटणांचं अंतर. दरवाजाची गोलाई आडव्या ठोकळ्यांतून साधली ती याच हिशेबावर.

सॉफ्टवेअरने मला भाग एकमेकांत घुसत असतील तर दाखवलं, यादी काढून दिली, पायऱ्यांचा नकाशाही छापून दिला. घर्षण, वजन, बसलेला सेल यातलं काही त्याला कळत नाही. पडद्यावर माझं धरण पहिल्याच दिवशी उत्तम चालत होतं! ते काम तुमच्या टेबलावर झालं.

२०१८ पासून मोबाइलवरून ब्लूटूथने चालणारी नवी मालिका आली आहे, ती मी का घेत नाही असं पुतण्या विचारत होता. तुमचंच उत्तर त्याला दिलं: ‘मोबाइल चार्जिंगला लावला तर गेट कोण उघडणार?’ दहा दिवस शेजारची पोरं येऊन हात लावणार, तिथे पुढे-बंद-मागे असा साधा खटका बरा.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, शेतातल्या मोटरीचेच तेवढे घेतलेत. म्हणून नातवासाठी नकाशाची एक प्रत आणि सुट्या भागांची यादी सोबत ठेवली आहे. यादीतलं वर्म आणि सैल कडीचे भाग मी वेगळ्या पुडीत दिलेत, ते त्याला बाजारात शोधत बसायला नको.

तुम्ही पाचोरा-जामनेरच्या पीजे या नॅरोगेज आगगाडीचं विचारलं होतंत. हिशेब मांडून पाहिला. खऱ्या रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर होतं, लेगोच्या रुळांमधलं ३७.५, म्हणजे साधारण एकास वीस. एवढ्या मापाचं इंजिन चांगलंच जड होईल, मधली मोटर पुरायची नाही, त्याच मालिकेतली मोठी एक्सएल लागेल. ती अडली की पावणेदोन अँपिअरच्या घरात जाते, तेव्हा सेलचं काय करायचं ते तुमच्याकडूनच ऐकायचंय. चतुर्थीनंतर एखाद्या दुपारी, पंपांची गर्दी नसेल तेव्हा येतो.

तुमचा,
धरणवाला