चार मिनिटांच्या शांततेसाठी

प्रिय ताई,

परवा आपल्या सिनेमाचं साउंड मिक्सिंग संपलं आणि निघायच्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहून गेले. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं, म्हणून जाहीर.

तुम्ही निर्माती म्हणून भेटण्याआधी माझी पटकथा एका मोठ्या कंपनीत दीड वर्ष पडून होती. होकार नाही, नकारही नाही. दर बैठकीला नवी माणसं, नव्या सूचना: नायिकेचं वय कमी करा, शेवट गोड करा. त्यांच्यावर माझा राग नाही. एवढा पैसा लागला की जो तो जपूनच बोलणार.

तुम्ही पटकथा एका रात्रीत वाचलीत आणि विचारलंत, "यातलं काय काढलं तर सिनेमाच उरणार नाही?" मी म्हणाले, आई चार मिनिटं काहीच बोलत नाही तो सीन. मग बाकीच्यावर तुम्ही कात्री चालवलीत. ९ लोकेशनची २ झाली, रात्रीचे सीन दिवसा आले, शूटिंग १८ दिवसांत बसलं. साउंड रेकॉर्डिस्टच्या पैशाला मात्र हात लावला नाहीत. शांतता ऐकू यायची तर ती नीट रेकॉर्ड व्हायला हवी, हे मला एडिटला बसल्यावर कळलं.

मी खचले की तुम्ही छोट्या सिनेमांचे दाखले द्यायचात. २०१५ चा 'टँजरिन' आयफोनवर शूट झालेला. 'गेट आउट' ४५ लाख डॉलरमध्ये बनला आणि जगभरात २५ कोटी डॉलरहून जास्त कमावून गेला. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर केलेल्या 'फ्लो'ने २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाचं ऑस्कर नेलं, तेही मोठ्या स्टुडिओचा 'इनसाइड आउट २' स्पर्धेत असताना. या आकड्यांपेक्षा तुमचं एक वाक्य माझ्या जास्त कामी आलं: सिनेमा छोटा असला की तो सगळ्यांना आवडावा लागत नाही.

शो मिळवणं अजूनही अवघडच आहे. मोठा सिनेमा त्याच आठवड्यात आला की आपल्या वाट्याला अडनिड्या वेळा. वितरकाने तो चार मिनिटांचा सीन निम्मा करायला सांगितला, तेव्हा तुम्ही करार पुढे केलात. फायनल कट, म्हणजे सिनेमाचं शेवटचं रूप ठरवण्याचा हक्क, दिग्दर्शकाचा, हे कलम तुम्ही स्वतःहून घातलं होतंत. मी मागितलंही नव्हतं.

श्रेयनामावलीत तुमचं नाव त्या सीननंतर लगेच येतं. ती जागा मी मुद्दाम निवडली आहे.

तुमची,
दिग्दर्शिका