सागरी महामार्गावर थांबायला जागा ठेवा: बांधकाम मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. पुण्याहून, कोथरूडमधून लिहितोय. दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं ठरवतोय, गाडीत आई आहे, गुडघे दुखणारी मावशी आहे, दोन लहान मुलं आहेत, त्यामुळे कुठे कुठे थांबायचं हे आधी ठरवल्याशिवाय आम्हाला निघताच येत नाही. ते ठरवायला बसलो आणि मग हे पत्र लिहावंसं वाटलं. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम तुमच्या सरकारने हातात घेतलंय, जवळजवळ ५०० किलोमीटर, ते लवकर व्हावं असं मनापासून वाटतं, फक्त थांबायच्या जागा आत्ताच आराखड्यात घ्या. रस्ता झाला की दोन्ही बाजूच्या जमिनी विकल्या जातात, कुंपणं पडतात, मग गाडी बाजूला घ्यायला हातभरसुद्धा जागा मिळत नाही.

या रस्त्याची कल्पना मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळातली, ८० च्या दशकातली. तेव्हापासून रस्ता तुकड्यातुकड्याने होत आला पण खाड्या आडव्याच राहिल्या. आता आगरदांडा-दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड असे पूल व्हायचे आहेत म्हणतात. आमच्यासाठी आजचा प्रवास म्हणजे चांदणी चौक, मुळशी, ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून म्हसळ्यावरून श्रीवर्धन. इथपर्यंत सोपं. पुढे हरिहरेश्वर झालं की सावित्रीची खाडी आडवी येते, पलीकडे बाणकोट नुसत्या डोळ्यांनी दिसतं, खाडीत पुलाचं अर्धवट काम वर्षानुवर्षं उभं आहे आणि मॅप आपल्याला आंबेत-म्हाप्रळवरून भलामोठा वळसा घालायला सांगतो. खरं तर बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट आहे, गाडी सरळ बोटीत चढते. तशीच दाभोळ-धोपावे, तशीच तवसाळ-जयगड. या तीन बोटींच्या भरवशावरच अख्खा प्लॅन उभा राहतो, पण शेवटची बोट किती वाजता, पावसाळ्यात बंद कधी, हे एका जागी कुठेच खात्रीने लिहिलेलं नाही. शेवटची बोट चुकली तर अंधारात घाटातून वळसा, तोही म्हाताऱ्या माणसांना घेऊन.

पूल झाले की बोटींची गरज संपेल असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही, पूल झाल्यावरही निदान एखाद-दोन बोटी चालू ठेवा, खाडीच्या मधोमध उभं राहून दोन्ही काठांची माडाची रांग बघणं हा सुद्धा प्रवासाचाच भाग आहे, लोक त्यासाठी येतात.

आता थांब्यांचं. आरे-वारेचं उदाहरण घ्या, गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला येताना. रस्ता वर टेकडीला चिकटून आणि खाली दोन्हीकडे समुद्र, इतकी सुंदर जागा आहे की गाडी थांबवल्याशिवाय कुणालाच राहवत नाही, मग लोक वळणावरच थांबवतात, सेल्फी काढत मागे मागे सरकतात आणि समोरून एसटी येते. लोक थांबणारच, हे धरूनच रस्ता आखायला हवा ना? वळणाच्या अलीकडे दहा-बारा गाड्यांची जागा, कठडा, बसायला दोन बाक आणि स्वच्छ शौचालय. शौचालयाचं मी पुन्हा सांगतो कारण आमच्या घरच्या बायका प्रवासाला निघाल्या की सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कोकणातल्या उकाड्यात, आणि हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही. बांधून कुलूप लावलेलं नको. गावातल्या बचत गटाला चालवायला द्या, पैसे घेऊ देत, आम्ही आनंदाने देऊ.

आणि समुद्राचं. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुण्यात तो दिवस कुणी विसरलेलं नाही. आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला भरती-ओहोटी कळत नाही हे सरळ सत्य आहे. कोळी लोकांचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या. त्यांना हे लहानपणापासून तोंडपाठ असतं, आम्हाला कोण सांगणार? प्रत्येक किनाऱ्याच्या तोंडाशी त्या दिवसाची भरतीची वेळ लिहिलेला फळा हवा, रोज बदलणारा, आणि गाड्या वाळूत उतरणारच नाहीत असा अडथळा हवा. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी उसळतं ते बघायला तर वेळ माहीत असावीच लागते, आणि तिथे जरा जवळ गेलं की जिवावर बेततं.

तुमच्याकडे आणखी एक मागणं आहे, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रस्ता रुंद करताना तो गावांना वळसा घालून नेऊ नका, नेलात तर गावात शिरणारा जुना रस्ता नीट राखा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला वर्षं जातात. त्या मधल्या काळात अनेक घरांना दोन खोल्या भाड्याने देऊन, पर्यटकांना जेवण वाढूनच आधार मिळालाय. गाड्या १०० च्या स्पीडने बाहेरून गेल्या तर आम्हाला गोवा लवकर येईल पण या घरांत कोण उतरणार? हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, मालगुंडला केशवसुतांचं घर, हे सगळं वाट वाकडी करून बघायचं आहे.

वेळास आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पिल्लं रात्री वाळूतून निघून उजेडाच्या दिशेने चालतात, रस्त्याचे दिवे किनाऱ्यावर पडले तर ती समुद्राऐवजी रस्त्याकडे येतील. तिथे दिवे खाली झुकलेले, झाकलेले लावा.

सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. गर्दी वाढणार हे नक्की, त्यामुळे या जागांचं पार्किंग आत्ताच धरा.

पुलांना वेळ लागतो हे समजतं. पण प्रत्येक जेट्टीवर आणि अलीकडच्या मुख्य फाट्यावर फेरीबोटीच्या वेळा मराठीत लिहिलेली मोठी पाटी, आणि तीच माहिती तुमच्या खात्याच्या वेबसाइटवर, एवढं दिवाळीच्या सुट्टीआधी होऊ शकतं. तेवढं तरी करा, साहेब. आम्ही ताम्हिणी उतरतोच आहोत.

आपला,
एक पुणेकर
कोथरूड, पुणे