दंड पुरेसा आहे, पहिले दोन तास सांभाळा

मा. संपादक,
स. न.

मोठा अपघात झाला की मद्यपी चालकांचा दंड वाढवा, ही मागणी जोर धरते. पण 1 सप्टेंबर 2019 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला 2,000 ऐवजी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पुन्हा सापडल्यास 15,000 रुपये आणि कैदेची मर्यादा दोन वर्षे. रस्त्यावर पैसे भरून हे प्रकरण मिटत नाही, कोर्टाची पायरी चढावीच लागते. आरोपी सुटतो तो पुरावा लंगडा पडल्यामुळे, आणि पुरावा बिघडतो पहिल्या दोन-तीन तासांत.

कायदेशीर मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी 60 मिलीचा एकच पेग घेतला तरी हा आकडा 40 च्या आसपास जाऊ शकतो, त्यामुळे 'एकाने काही होत नाही' हा समज चुकीचा आहे. यकृत मात्र दर 100 मिली रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम अल्कोहोल कमी करत असते. रात्री 1 वाजता 55 असलेला चालक 3 वाजता 25 वर येतो आणि कागदावर निर्दोष दिसतो. नंतरच्या आकड्यावरून आधीचा आकडा काढण्याचा उलटा हिशेब मांडता येतो, पण हा वेग माणसागणिक 10 ते 20 असा बदलतो, म्हणून बचाव पक्षाला तो खोडायला वाव मिळतो.

ब्रेथ अ‍ॅनालायझरची चाचणी म्हणूनच जागेवरच झाली पाहिजे. दर माणसाला नवी नळी, सलग लांब फुंकर, वेळ छापलेली स्लिप आणि तिच्यावर सही. नुकताच माउथवॉश वापरलेला असेल किंवा ढेकर आला असेल तर 15 मिनिटे थांबून पुन्हा फुंकायला लावावे. वेलदोडा, पेपरमिंट चघळून आकडा उतरत नाही, कारण यंत्र खोल फुप्फुसातली हवा मोजते.

खरी हेळसांड रक्ताच्या नमुन्यात होते. सुई टोचण्यापूर्वी कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली की वकिलाला आयता मुद्दा मिळतो. तिथे अल्कोहोल नसलेले जंतुनाशकच हवे. कुपी सोडियम फ्लोराइड घातलेली, राखाडी झाकणाची लागते. साध्या कुपीत, उकाड्यात पडून राहिलेल्या रक्तात जंतू साखर आंबवून अल्कोहोल तयार करू शकतात, मग अहवालावर विश्वास कोण ठेवणार? कुपीवर नाव, वेळ, सील, आणि ती न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोणाच्या ताब्यात होती याची लेखी नोंद हवी. मे 2024 च्या पुण्यातील कल्याणीनगर अपघातात रक्त कित्येक तासांनी घेतले गेले आणि नमुना बदलल्याचा आरोप झाला. दंड दुप्पट असता तरी त्याने काय फरक पडला असता?

अटक केल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते, असे कलम 202 सांगते. चाचणीला योग्य कारणाशिवाय नकार दिला तर कलम 205 नुसार तो नकार आरोपीच्या विरोधात धरता येतो; त्यासाठी नकाराची नोंद तिथल्या तिथे, वेळेसह व्हावी.

गृह विभागाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि ग्रामीण रुग्णालयात फ्लोराइडच्या कुप्या, सीलचे साहित्य आणि रात्रपाळीचा डॉक्टर यांची सोय करावी. फिर्यादीत गाडी अडवल्याची, फुंकर घेतल्याची आणि रक्त काढल्याची अशा तिन्ही वेळा लिहिणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, पुणे