वडिलांना कोट कोणी घातला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला व्यक्तिचित्रांवरचा लेख वाचला. माणसाचा मान पगडी, दागिने आणि खुर्चीवरून कळतो, हे लेखकाने इतक्या ठामपणे सांगितले आहे की लेख एखाद्या शिंप्याने लिहिला असावा अशी शंका आली. (राग नसावा.)

सोळाव्या शतकातल्या होल्बाइन या जर्मन चित्रकाराचे नाव त्यांनीच काढले म्हणून बोलतो. इंग्लंडच्या दरबारी मंडळींची त्याने केलेली रेखाटने विंडसरच्या संग्रहात आहेत. चेहरा रंगीत खडूंनी बारकाईने उतरवलेला, कपडे बहुधा चार रेघांत, आणि काहींवर जर्मनमध्ये कापडाची, रंगाची टिपणे. मखमल मागाहून रंगवता येते, समोरचा माणूस उठून गेला की चेहरा गेला! जहांगीरने १६१८ च्या सुमारास मरणाला टेकलेल्या, आपल्या दरबारातल्या इनायतखानाचे चित्र काढवून घेतले. त्या रेखाटनात बरगड्या मोजून घ्याव्यात. तरी लोडांना टेकलेला तो माणूस दरबारीच वाटतो.

आता माझे दुखणे. वडील शहापूरचे विणकर. हातमागावर बसून बसून उजवा खांदा उतरलेला, चष्म्याची दांडी सुताने बांधलेली. १९७४ साली आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी तासाभरात पेन्सिलीने त्यांचे चित्र काढले. खांदा तसाच, सूत तसेच, आणि धोट्याचा आवाज चुकला की वर व्हायची ती नजरसुद्धा. गेल्या वर्षी एका संस्थेने देणगीदारांच्या रांगेत लावायला त्यावरून मोठे चित्र करून घेतले. पडदा सरला तर आत कोट-फेटा घातलेला, खिशाला पेन लावलेला कोणी परका गृहस्थ. खांदे ताठ. चष्मा गायब. आईने माझा हात ओढून विचारले, "हे कोण रे?"

पदाधिकारी म्हणाले, "मूळ चित्र फारच साधं होतं हो, जरा उठाव दिला." कोट काढा म्हटले तर बजेट संपलेले. वडिलांनी लग्नातही कोट घातला नव्हता.

चित्रकार रवी परांजपे ज्यांच्याकडे चित्रकला शिकले, त्या के. बी. कुलकर्णींच्या बेळगावात हे चालते.

जाता जाता : आपल्या अंकातल्या वाढदिवसाच्या पानभर जाहिरातींत सगळ्या पुढाऱ्यांचे गाल एकाच साबणाने धुतल्यासारखे दिसतात. आणि त्या लेखासोबतच्या रेखाटनाखाली चित्रकाराचे नाव नव्हते. छपाई अशी की मिशा कुठल्या आणि शाई कुठली, कळेना.

आपला,
एक जुना वाचक,
शहापूर, बेळगाव