आयुष मंत्र्यांना खुलं पत्र: एका डोसच्या चाचणीवर 'सुरक्षित'चा शिक्का नको

माननीय केंद्रीय आयुष मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी वैद्य आहे. द्रव्यगुणात, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी द्रव्यांच्या शास्त्रात, एमडी केलं आणि नंतर टॉक्सिसिटीच्या, म्हणजे औषधाचा विषारीपणा तपासण्याच्या, कामात पडलो, त्यामुळे दिवसातला बराच वेळ अ‍ॅनिमल हाउसमध्ये रॅट्सच्या पिंजऱ्यांसमोर जातो. हे आधीच सांगून ठेवतो कारण खाली जे लिहितोय ते वाचून कुणाला मी आयुर्वेदाच्या विरोधात वाटेन, कुणाला प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या विरोधात वाटेन, आणि मी दोन्हीच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की वनस्पतीचं औषध सुरक्षित आहे हे दाखवायला आपण प्राणी मारत असू तर ती चाचणी पूर्ण करा आणि तिचा निकाल सगळ्यांना बघायला मिळू द्या. आज बऱ्याच ठिकाणी दोन्ही होत नाही.

सध्या काय चालतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण फाइलमध्ये हे दिसत नाही. एखाद्या वनस्पतीच्या पेपरमध्ये किंवा जाहिरातीत 'प्राण्यांवर चाचणी झालीय, सुरक्षित आहे' असं वाचलं की त्यामागे बहुतेक वेळा ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४२३ नंबरची गाइडलाइन असते. तीन रॅट्स घ्यायच्या, बहुतेकदा माद्या, एकदाच तोंडाने किलोमागे २००० मिलिग्रॅम द्यायचं आणि १४ दिवस बघायचं. मेल्या नाहीत तर अजून तीन घेऊन तेच. सहाच्या सहा जगल्या की अहवालात लिहायचं, एलडी-५०, म्हणजे निम्मे प्राणी मरतील तो डोस, दोन हजारांच्या वर. ही चाचणी वाईट नाही, जुन्या एलडी-५० पद्धतीत याच्या कितीतरी पट प्राणी मरायचे आणि ती पद्धत ओईसीडीने २००२ मध्ये काढूनच टाकली, ते चांगलंच झालं. पण या चाचणीतून एवढंच कळतं की पदार्थ एका डोसमध्ये पटकन जीव घेत नाही. तीन महिने रोज घेतल्यावर किडनीचं काय होईल, पोटातल्या बाळाचं काय होईल, डीएनएला धक्का लागेल का, यातलं काहीही त्यात कळत नाही आणि कळावं अशी ती चाचणी बनवलेलीच नाही.

आणि तो २००० चा आकडा मोठा वाटतो ना, तर एकदा हिशोब करून बघा. माणसाला दिवसाला ६ ग्रॅम चूर्ण देतो असं धरा, हा काही जगावेगळा डोस नाही. माणसाचा डोस प्राण्यासाठी बदलायला आमच्याकडे पॅजेट आणि बार्न्सचा तक्ता वापरतात, २०० ग्रॅमच्या रॅटसाठी माणसाच्या डोसला ०.०१८ ने गुणायचं, म्हणजे १०८ मिलिग्रॅम, म्हणजेच किलोमागे ५४०. मग २००० म्हणजे नेहमीच्या डोसच्या चौपटसुद्धा झालं नाही. मिलिग्रॅममध्ये दिल्या जाणाऱ्या गोळीसाठी हीच २००० ची मर्यादा प्रचंड असते, चूर्णासाठी नाही, आणि हा फरक अहवालाच्या शेवटच्या ओळीत कुठेच उरत नाही.

ते चूर्ण देताना काय होतं तेही सांगतो. ४०० मिलिग्रॅम चूर्ण दोन मिलिलिटर सीएमसीच्या, म्हणजे दाटपणा आणणाऱ्या पावडरीच्या, पाण्यात कालवलं की त्याचा लगदा होतो, टोकाला गोळी असलेल्या, तोंडातून पोटात औषध सोडायच्या गॅव्हेज नीडलमधून तो उतरत नाही, अडकतो. जोर लावला तर अन्ननलिकेला इजा होते, नीडल चुकून श्वासनलिकेत गेली तर औषध फुप्फुसात जातं आणि प्राणी मरतो, त्या मरणाचा औषधाशी काही संबंध नसतो. म्हणून मग चूर्ण पुन्हा वस्त्रगाळ करतात, नाहीतर त्याचा अर्क काढून तो देतात, म्हणजे डबीत जे विकलं जातं आणि रॅटच्या पोटात जे जातं ते एक राहतच नाही. रॅटला उलटीही होत नाही, उंदराच्या जातीला ती सोयच नाही, त्यामुळे माणूस जे ओकून टाकेल ते तिच्या आत राहतं. ताण वाढला की डोळ्याभोवती लालसर डाग येतात, नवीन मुलं घाबरून रक्त आलं म्हणून सांगायला येतात, ते पॉर्फिरिन असतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं लाल रंगद्रव्य. प्राणी त्याच्या परीने बरंच काही सांगत असतो, आपण किती दिवस बघतो आणि काय बघतो हा प्रश्न आहे.

आता तुम्हाला लोक हमखास सांगतील की हजारो वर्षं वापरात आहे, अजून कसली टेस्ट पाहिजे. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, त्यात तथ्य आहे. जे खाल्ल्यावर तासाभरात गरगरतं, उलट्या होतात, हृदयाचे ठोके चुकतात ते परंपरेने बरोबर ओळखलं. बचनाग घ्या. शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय द्यायचा नाही हा नियम आपल्या ग्रंथांतला, आणि आज रसायनशास्त्र सांगतं की नीट उकळल्यावर त्यातल्या अ‍ॅकोनिटिनचं विघटन होऊन खूप कमी विषारी घटक तयार होतात. इथे प्रयोगशाळेने परंपरेची बाजूच भक्कम केली. पण जो परिणाम पाच-दहा वर्षांनी दिसतो तो परंपरेला दिसणार कसा? काढा घेतला आज आणि किडनी गेली कित्येक वर्षांनी, तर दोन्हीचा संबंध कोण जोडणार होतं?

याचं सगळ्यात वाईट उदाहरण बेल्जियमचं आहे. ब्रसेल्समधल्या वजन कमी करण्याच्या एका क्लिनिकमध्ये १९९० च्या सुमारास गोळ्यांमध्ये चिनी वनस्पती घातल्या, त्यात एका वनस्पतीच्या जागी अरिस्टोलोकिया जातीची दुसरीच वनस्पती गेली. १९९३ मध्ये पहिले पेशंट्स जगासमोर आले, तरुण बायका, किडनी झपाट्याने निकामी, आणि पुढे हा आकडा शंभरावर गेला. ज्यांच्या निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढल्या त्या ३९ जणींपैकी १८ जणींमध्ये कॅन्सर सापडला, हे २००० साली छापून आलंय. आणि साहेब, मला अजून अस्वस्थ करणारी गोष्ट ही की १९८२ मध्येच, म्हणजे या बायकांनी गोळ्या घ्यायच्या कितीतरी आधी, त्याच जातीच्या वनस्पतींतलं अरिस्टोलोकिक अ‍ॅसिड तीन महिने तोंडाने दिल्यावर रॅट्सना कॅन्सर होतो हे प्रसिद्ध झालं होतं, जर्मनीने तर त्याच्याही आधी १९८१ मध्ये हा घटक औषधांतून बाहेर काढला होता. रॅट्सनी जे सांगायचं ते सांगून झालं होतं. या जातीच्या वनस्पतीही शतकानुशतकं वापरात होत्याच, आपल्याकडची ईश्वरीची वेल त्याच जातीतली.

यात दोन गोष्टी आहेत ज्या मला तुमच्यासमोर ठेवायच्यात. एक म्हणजे ४२३ ची एका डोसची परीक्षा असला धोका पकडू शकत नाही, त्याला ९० दिवसांची चाचणी लागते, ज्यात रक्त, लघवी, सगळे अवयव आणि त्यांच्या स्लाइड्स बघतात, कारण क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचं बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. दुसरी, अरिस्टोलोकिक अ‍ॅसिड डीएनएत बदल होतो का ते बघणाऱ्या एम्स टेस्टमध्येही सापडतं, आणि एम्स टेस्टला प्राणी लागतच नाही, ती बॅक्टेरियावर होते. म्हणजे क्रम असा पाहिजे की आधी वनस्पती तीच आहे ना याची ओळख पटवा, मग एम्स, मग पेशींवरच्या टेस्ट, आणि तिथे जे पास होईल तेच प्राण्यांपर्यंत जाऊ द्या. आज आपण उलटं करतो, स्वस्त आणि झटपट म्हणून आधी सहा रॅट्स घेतो आणि एम्सपर्यंत बरेच जण पोचतच नाहीत.

नियमाचं बोलायचं तर औषध व सौंदर्यप्रसाधन नियमावलीत २०१० मध्ये आलेला १५८-बी हा आयुष औषधांच्या लायसन्सचा नियम आहे. ग्रंथोक्त औषध ग्रंथात सांगितलेल्याच रोगासाठी असेल तर सुरक्षिततेचा अभ्यास मागत नाहीत, ते मला एका मर्यादेपर्यंत पटतं. पण तीच सूट पाण्यातल्या आणि पाणी-अल्कोहोलमधल्या अर्कालाही मिळते, वापर ग्रंथातलाच असला की झालं. इथे माझी हरकत आहे. काढा पाच-सात दिवस घेणं वेगळं आणि त्याच वनस्पतीचा दहापट घट्ट केलेला अर्क कॅप्सूलमधून वर्षभर रोज घेणं वेगळं, ग्रंथ लिहिणाऱ्यांनी हे दुसरं कधी पाहिलेलंच नव्हतं, मग त्यांचा दाखला त्याला कसा चालेल? दुसऱ्या कुठल्या सॉल्व्हंटचा, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाचा, अर्क असेल तर मात्र तोच नियम तीव्र, दीर्घकालीन, जनुकीय आणि गर्भावरच्या परिणामांचा अभ्यास मागतो. म्हणजे काय तपासायचं ते नियम लिहिणाऱ्यांना नीट माहीत होतं. तेच, निदान ९० दिवस आणि जनुकीय तपासणी एवढं तरी, रोज आणि महिनोन् महिने घ्यायच्या प्रत्येक घट्ट अर्काला लावा.

गुळवेलीचा वाद तुमच्याच मंत्रालयाच्या दारात झाला. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा पेशंट्स मांडले, २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून तसेच ४३. मंत्रालयाने सांगितलं गुळवेल सुरक्षित आहे, दिसायला तशीच असलेली दुसरी वेल वापरली गेली असेल. ती शक्यता मी नाकारत नाही, बाजारात भेसळ होतेच. पण मग रॅट्सवर ज्या गुळवेलीची चाचणी झाली ती कुठली, वनस्पतीची ओळख पटवणारी तिची एचपीटीएलसी तपासणी कुठेय, कच्चा डेटा कुठेय, हे विचारायला जागाच नाही. शिवाय यातल्या बऱ्याच पेशंट्सची इजा ऑटोइम्यून प्रकारची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर हल्ला केल्याची, होती, निरोगी तरुण रॅटमध्ये ती बहुधा कधीच दिसणार नाही. त्यासाठी माणसांमधले दुष्परिणाम नोंदवणारी यंत्रणाच जागी लागते, आणि डॉक्टरने तक्रार नोंदवली की तो आयुर्वेदाचा शत्रू ठरता कामा नये.

आता प्राण्यांचं. प्रत्येक प्रयोगाआधी आमची संस्थेची एथिक्स कमिटी फॉर्म-बी भरून घेते आणि त्यात संशोधकाला लिहून द्यावं लागतं की हे काम आधी झालेल्या कामाची विनाकारण पुनरावृत्ती नाही. कुठून लिहून देणार? एमडीचे थीसिस लायब्ररीच्या कपाटात, कंपन्यांचे अहवाल लायसन्सच्या फाइलीत, आणि ज्यात काही वाईट निघालं ते तर कुणी छापतच नाही. मग त्याच वनस्पतीसाठी एका कॉलेजात रॅट्स मारल्या जातात आणि दुसऱ्या कॉलेजात पुन्हा तेच. माणसांवरच्या ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००९ पासून सक्तीची आहे. प्राण्यांवरच्या आयुष चाचण्यांना तशीच नोंदणी करा, प्रयोग सुरू व्हायच्या आधी, आणि निकाल कसाही लागो, त्यातले आकडे सगळ्यांना बघता आले पाहिजेत. याला कायदा बदलायचीही वाट बघायला नको, तुमच्या मंत्रालयाच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला उद्यापासून ही अट घालता येईल.

छोट्या फार्मसीवाल्यांना हा खर्च झेपणार नाही हे मला दिसतं. ९० दिवसांच्या एका चाचणीत तीन डोसचे गट आणि औषध न दिलेला एक कंट्रोल गट धरून ८० रॅट्स लागतात, वर पॅथॉलॉजिस्ट, स्लाइड्स, जीएलपी म्हणजे दर्जाचे नियम पाळणारी प्रमाणित लॅब. म्हणूनच म्हणतो प्रत्येकाने वेगळी करू नये. जास्त विकल्या जाणाऱ्या वनस्पती निवडा, प्रमाणित अर्क ठरवा, सीसीआरएएस या तुमच्याच मंत्रालयाच्या आयुर्वेद संशोधन परिषदेकडून सरकारी खर्चाने एकदाच नीट चाचणी करा, आणि जो कुणी त्याच प्रमाणाचा अर्क बनवेल त्याला तोच अहवाल वापरू द्या. प्राणीही वाचतील, छोटा उत्पादकही वाचेल. नवीन औषधांच्या नियमांमध्ये सरकारने २०२३ मध्ये प्राण्यांशिवायच्या पद्धतींना, म्हणजे मानवी पेशी, ऑर्गन-ऑन-चिप (चिपवर पेशींपासून केलेली अवयवाची छोटी प्रतिकृती), कॉम्प्युटर मॉडेल यांना जागा दिली, आयुषच्या औषधांसाठीही तसंच कलम आणता येईल. सुरुवात अरिस्टोलोकिक अ‍ॅसिड आणि यकृताला घातक पायरोलिझिडीन अल्कलॉइड ज्यांत असू शकतात अशा वनस्पतींपासून करा, तिथे वाट बघत बसणं परवडणारं नाही.

आणि हे सगळं व्हायला वेळ लागेल तोवर एक गोष्ट लगेच करता येईल. ज्या औषधाची फक्त एका डोसची चाचणी झालीय त्याच्या लेबलवर आणि जाहिरातीत सुरक्षिततेचा दावा करायला मनाई करा, आणि किती दिवसांची चाचणी झालीय ते छापायला लावा. १५८-बीच्या दुरुस्तीचा मसुदा हरकती-सूचनांसाठी काढलात तर प्रोटोकॉलचा भाग ओळन् ओळ वाचून लेखी सूचना द्यायला मी तयार आहे, माझ्या क्षेत्रातले बरेच जण तयार होतील, बोलावलं तर दिल्लीलाही येऊ.

आपला,
टॉक्सिसिटीचं काम करणारा एक वैद्य